महायाजकाची रात्र, गुड फ्रायडेची दुपार

योम किप्पूरच्या, म्हणजे ज्यू लोकांच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या रात्री यरुशलेमच्या मंदिरात महायाजकाला झोपू देत नसत. आधीचे सात दिवस त्याला घरापासून दूर, मंदिराच्या आवारातल्या एका दालनात आणून ठेवलेलं असे. त्या संध्याकाळी त्याला पोटभर जेवू देत नसत, कारण पोट भरलं की डोळा लागतो. मग रात्रभर वाचन. ईयोब, एज्रा, इतिहास. तो स्वतः जाणकार असेल तर त्यानं विवरण करायचं, नसेल तर इतरांनी त्याच्यापुढे वाचायचं. पेंग येतेय असं दिसलं की तरुण याजक त्याच्यासमोर चुटकी वाजवत आणि म्हणत, महाराज, उठा, जरा गार फरशीवर पाय टेकवा.

त्याआधी एक प्रसंग घडे. न्यायसभेतले वडीलधारे त्याला शपथ घालत की, आम्ही शिकवलंय त्यातलं काहीही तू आत गेल्यावर बदलणार नाहीस. आत, म्हणजे मंदिराच्या सगळ्यांत आतल्या, पडद्याआडच्या पवित्र दालनात, तो एकटाच असणार. धूप पडद्याबाहेर पेटवायचा की आत, यावर त्या काळी परुशी आणि सदूकी या दोन ज्यू पंथांत मोठा वाद होता, आणि महायाजक पुष्कळदा सदूकी पंथाचा असे. म्हणून ही शपथ. ती झाली की तो तोंड फिरवून रडे आणि तेही तोंड फिरवून रडत. पुढे तालमुदाने, म्हणजे ज्यू गुरूंच्या चर्चांच्या ग्रंथाने, याचं कारण दिलंय: आपल्यावर संशय घेतला गेला म्हणून तो रडे, आणि कदाचित निर्दोष असलेल्या माणसावर आपण संशय घेतला म्हणून ते रडत.

हे सगळं मिश्नाच्या, म्हणजे ज्यूंच्या तोंडी चालत आलेल्या नियमांच्या संग्रहाच्या, 'योमा' नावाच्या भागात आहे. मिश्नाचं संकलन साधारण इ. स. २०० च्या सुमारास झालं आणि मंदिर तर इ. स. ७० मध्येच रोमी सैन्याने जाळून टाकलेलं. म्हणजे जो विधी आता करता येणारच नव्हता, तो या लोकांनी चुटकीच्या आवाजासकट लिहून ठेवला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढे जाऊ शकले नाही. लहानपणापासून मी 'कोकऱ्याचं रक्त' हे शब्द गात आलेय, पण त्या शब्दांमागे रात्रभर जागणारा, भ्यालेला, रडलेला एक माणूस उभा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तर, दिवस उजाडे. त्या एका दिवसात महायाजक पाच वेळा स्नान करी आणि दहा वेळा हातपाय धुई. रोजच्या सेवेसाठी सोन्याची वस्त्रं, आणि आतल्या दालनात जाताना मात्र साधी, पांढरी, तागाची. येशूच्या काळात ती राजेशाही वस्त्रं रोमी अधिकाऱ्यांच्या कुलुपात, मंदिराला लागून असलेल्या अंतोनिया किल्ल्यात असत आणि सणापुरती बाहेर मिळत. इतिहासकार योसेफसने हे नोंदवून ठेवलंय. देवापुढे जायचं तर परक्या सत्तेकडून कपडे मागून आणावे लागत होते. तागाचा अंगरखा मात्र तसा कुणाच्या मेहेरबानीवर नव्हता, आणि पडद्यापलीकडे जायला नेमका तोच लागे.

मग गोऱ्हा आणि दोन बकरे. गोऱ्हा महायाजकाच्या स्वतःच्या आणि त्याच्या घराण्याच्या पापांसाठी. बकऱ्यांवर चिठ्ठ्या टाकायच्या: एक परमेश्वरासाठी, एक अजाजेलासाठी. अजाजेल म्हणजे कोण किंवा काय, यावर अभ्यासक आजही एकमत नाहीत. पवित्रशास्त्रातल्या लेवीय या पुस्तकाच्या १६ व्या अध्यायात इतकंच आहे की दुसऱ्या बकऱ्याच्या डोक्यावर दोन्ही हात ठेवून अहरोनाने, म्हणजे पहिल्या महायाजकाने, इस्राएलाचे सगळे अपराध कबूल करायचे आणि त्याला रानात सोडून द्यायचं. मंदिराच्या काळात त्याच्या शिंगांना किरमिजी लोकर बांधत. वाटेत दहा ठिकाणी मांडव असत. दिवस कडक उपासाचा, तरी बकरा नेणाऱ्या माणसाला प्रत्येक मांडवात विचारत: हे अन्न, हे पाणी, घेणार का? एका मांडवातले लोक त्याला पुढच्या मांडवापर्यंत सोबत करत. शेवटचा टप्पा तेवढा त्याने एकट्याने जायचा, तिथे बाकीचे दुरूनच बघत राहत.

पहिल्या बकऱ्याचं रक्त आत जाई. त्याआधी धूप, म्हणजे दयासन धुराच्या ढगात झाकलं जाईल आणि याजक मरणार नाही. दयासन म्हणजे कराराच्या कोशावरचं, देवाच्या आज्ञांच्या पाट्या ठेवलेल्या पेटीवरचं, सोन्याचं झाकण, दोन करूबांच्या, म्हणजे पंख असलेल्या स्वर्गीय आकृत्यांच्या, मधली जागा. पण दुसऱ्या मंदिरात कोश नव्हताच! बाबेलच्या स्वारीत पहिलं मंदिर गेलं तेव्हापासून तो नाहीसा झालेला. त्या जागी जमिनीपासून तीन बोटं उंच असा एक दगड होता. इ. स. पू. ६३ मध्ये रोमी सेनापती पाँपे जबरदस्तीने आत घुसला तेव्हा तिथे त्याला कसलीही मूर्ती दिसली नाही, दालन मोकळं होतं. त्या मोकळ्या जागेसमोर उभा राहून महायाजक बोटाने रक्त शिंपडी, एकदा वर आणि सात वेळा खाली, मोठ्याने मोजत: एक, एक आणि एक, एक आणि दोन, एक आणि तीन. चूक होऊ नये म्हणून प्रत्येक वेळी सुरुवातीचा 'एक' पुन्हा उच्चारायचा. धूप ठेवून बाहेर आल्यावर तो छोटीशीच प्रार्थना करी. लांबवली तर बाहेरचे लोक घाबरतील, आत काही झालं की काय म्हणून. उरलेलं रक्त बाहेरच्या वेदीच्या पायाशी ओतत. ते पन्हळीतून किद्रोन ओढ्यात जाई आणि बागाईतदार ते खत म्हणून विकत घेत. संध्याकाळी, सुखरूप बाहेर आल्याबद्दल, महायाजक मित्रमंडळींना जेवण देई.

हे इतकं सविस्तर सांगण्याला कारण आहे. आमच्याकडे लेवीय हे वगळण्याचं पुस्तक. नव्या वर्षात पवित्रशास्त्र पहिल्यापासून वाचायचा नेम धरणारी माणसं उत्पत्ती आणि निर्गम पार करतात आणि लेवीयमध्ये अडकतात. चरबी, मूत्रपिंडं, कोड, बुरशी. मग थेट स्तोत्रसंहितेत. आणि तरीही दर रविवारी 'यज्ञ', 'रक्त', 'प्रायश्चित्त' हे शब्द आम्ही बोलत असतो. मुळातलं पुस्तक न वाचता बोलल्यामुळे त्यांचे अर्थ आमचे आम्हीच भरतो, आणि आपल्याकडे ते भरायला साहित्य कमी नाही. दख्खनच्या गावात बळी म्हटलं की मरीआई आठवते, कोपलेली देवी आठवते, तिला शांत करण्यासाठी वाजतगाजत नेलेलं जनावर आठवतं. तोच अर्थ उचलून आम्ही कालवरीच्या, येशूला वधस्तंभावर दिलं त्या टेकडीवर नेऊन ठेवतो.

आमचं घर नगर जिल्ह्यातलं, काही पिढ्यांपासून ख्रिस्ती. गुड फ्रायडेला बारा ते तीन उपासना, वधस्तंभावरचे सात उद्गार, सात वक्ते. एका वर्षी बाहेरून आलेल्या वक्त्याने चौथ्या उद्गारावर, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास' यावर फार जोरात संदेश दिला. देवाचा क्रोध इतका पेटला होता की कुणाचं तरी रक्त सांडल्याशिवाय तो शमणारच नव्हता, आणि शेवटी तो पुत्रावर कोसळला, असं ते सांगत होते. मंडळीत काही बाया रडत होत्या. घरी आल्यावर उपास सोडताना आजी भाकरी मोडत म्हणाली, "अगं पोरी, देव काय सावकार आहे का, वसुलीला बसायला? आपलं नाही तर आपल्या पोराचं काढून घ्यायचं?"

तिच्या माहेरची जमीन सावकाराने गिळलेली होती, तेव्हा तिला हा शब्द वरवर सुचलेला नव्हता. आणि आजी काही कमी विश्वासाची बाई नव्हती. प्रभुभोजनाला ओंजळ पुढे करताना तिचे हात थरथरत. येशू आपल्यासाठी मेला यावर तिचा जीव होता. पण त्या वाक्यातला देव तिला ओळखीचा वाटत नव्हता.

त्या वक्त्याच्या बोलण्यामागे मोठी परंपरा आहे, हे मला पुढे कळलं. अकराव्या शतकाच्या शेवटी कँटरबरीच्या अँसेल्मने मांडणी केली की पापामुळे देवाच्या मानाला बाधा येते, ती भरपाई माणसाने करायला हवी पण ती करायची ताकद फक्त देवाकडे, म्हणून देव माणूस झाला. सोळाव्या शतकात कॅल्विनने तीच गोष्ट न्यायालयाच्या भाषेत नेली: दोष, शिक्षा, आणि शिक्षा दुसऱ्याने भोगणं. दोघेही गंभीर, देवभीरू माणसं. पापाला किंमत असते हे त्यांनी हलकं होऊ दिलं नाही, आणि यशया संदेष्ट्याच्या ५३ व्या अध्यायात शिक्षेचे शब्द खरोखरच आहेत, ते खोडता येणार नाहीत. माझं म्हणणं इतकंच की मान आणि न्यायालय या दोन्ही चौकटी नंतरच्या युरोपातल्या आहेत. ज्या वेदीवरून 'यज्ञ' हा शब्द आला, तिथे काय चालत होतं हे आधी बघायला हवं.

तिथे पहिली गोष्ट दिसते ती ही, की साध्या होमार्पणात जनावर अर्पण करणारा माणूस स्वतःच त्याच्या डोक्यावर हात ठेवी आणि स्वतःच ते कापी. याजकाचं काम त्यानंतर, रक्त वेदीपाशी नेण्यापासून सुरू होई. दुसरी गोष्ट, रक्त म्हणजे जीव. लेवीय १७ मध्ये देव सांगतो की देहाचा जीव रक्तात असतो, आणि तुमच्या जिवांसाठी प्रायश्चित्त व्हावं म्हणून ते मीच तुम्हाला वेदीवर दिलंय. या वाक्याने माझ्या मनातला जुना सगळा हिशेब उलटा केला. मी समजत होते की माणूस देवाला रक्त देतो आणि देव निवळतो. इथे देणारा देव आहे. माणसाच्या हातात वेदीपुढे नेण्यासारखं काहीच नाही, म्हणून देवानेच त्याच्या हातात काहीतरी ठेवलंय.

तिसरी गोष्ट त्याहून नवलाची. योम किप्पूरच्या दिवशी रक्त शिंपडलं जाई ते जागेवर: दयासनावर, पडद्यासमोर, वेदीच्या शिंगांवर. माणसांवर नव्हे. लेवीय म्हणतं, लोकांच्या अशुद्धतेमुळे पवित्रस्थानासाठी प्रायश्चित्त करायचं, कारण दर्शनमंडप, म्हणजे मंदिराआधीचा देवाचा तंबू, त्यांच्या अशुद्धतेतच त्यांच्याबरोबर वस्ती करून आहे. लेवीयवर हजारो पानांचं भाष्य लिहिणारे ज्यू अभ्यासक जेकब मिलग्रोम यांनी हे फार बारकाईने उलगडलंय. पाप कुठेही घडो, त्याचा डाग देवाच्या घरावर चढत जातो. तो साठत गेला तर देव तिथे राहू शकत नाही आणि निघून जातो. म्हणून वर्षातून एकदा आतपर्यंत शुद्धी. सगळ्या खटाटोपाचा हेतू एकच, त्याने आपल्यातून उठून जाऊ नये. आजीला हा देव ओळखू आला असता. आपल्या घाणीतही आपल्यात मुक्काम करून राहिलेला, आणि राहता यावं म्हणून शुद्धीचा मार्ग स्वतःच सांगणारा.

आणि हो, पीठ. लेवीयच्या पाचव्या अध्यायात पापार्पणासाठी मेंढी किंवा बकरी सांगितलीय. ऐपत नसेल तर दोन पारवे किंवा होले. तेवढीही नसेल तर एफाचा दहावा भाग, म्हणजे अंदाजे सव्वादोन लिटरच्या मापाचं सपीठ, त्यावर तेल नाही, ऊद नाही. मूठभर पीठ अग्नीत, आणि त्या माणसाला क्षमा होते. रक्ताचा थेंबही नाही. रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही, हे नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्राच्या नवव्या अध्यायातलं वाक्य आम्ही नेहमी ऐकतो. पण त्याच वाक्याच्या सुरुवातीला लेखकाने 'बहुतेक सर्व काही' रक्ताने शुद्ध होतं असं जपून म्हटलंय. त्याला नियमशास्त्र पाठ होतं, तेव्हा ते गरिबाचं पीठही त्याला ठाऊक असणारच. येशूच्या जन्मानंतर योसेफ आणि मरीया शुद्धीकरणासाठी मंदिरात गेले तेव्हा त्यांनी पक्ष्यांची जोडीच नेली, लूकने हे मुद्दाम लिहिलंय. कोकरू नेण्याची ऐपत नसलेल्या घरातला हा मुलगा.

इब्री लोकांस पत्र कुणी लिहिलं, ते देवच जाणे, असं तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताने म्हटलं आणि आजही त्यापुढे कुणी खात्रीने गेलेलं नाही. जो कुणी होता त्याच्या डोक्यात योम किप्पूर भिनलेला होता. त्याचं म्हणणं असं: महायाजक दरवर्षी आत जातो, स्वतःचं नसलेलं रक्त घेऊन जातो, आणि आधी त्याला स्वतःसाठीच अर्पण करावं लागतं. बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापं दूर होणं शक्य नाही, म्हणून तर पुढच्या वर्षी परत जावं लागतं. ख्रिस्त मात्र एकदाच गेला, स्वतःचं रक्त घेऊन, हातांनी न बांधलेल्या मंडपात. याजक तोच, अर्पणही तोच. येशू यहूदाच्या वंशातला, याजक ज्या वंशातून येत त्या लेवीच्या नव्हे, मग तो याजक कसा? यासाठी लेखक थेट अब्राहामाच्या काळात जातो आणि मलकीसदेक या राजा-याजकाला पुढे आणतो, कारण ११० व्या स्तोत्रात त्याच्या संप्रदायाप्रमाणे युगानुयुगाच्या याजकाचं वचन आहे. मला मात्र त्या पत्रातलं एक लहानसं निरीक्षण सगळ्यांत आवडतं. प्रत्येक याजक रोज सेवा करत उभा असतो, हा मात्र अर्पण करून बसला. निवासमंडपात दिवे होते, मेज होतं, धूपवेदी होती, पण याजकासाठी बैठक सांगितलेलीच नव्हती. काम संपतच नसे.

इथे ख्रिस्ती विश्वासाने आणखी एक गोष्ट केली. वल्हांडणाचा सण वसंतातला आणि प्रायश्चित्ताचा दिवस शरदातला, मध्ये सहा महिन्यांचं अंतर. वल्हांडणाचं कोकरू मुळात पापासाठी नव्हतंच, ते मिसरच्या गुलामीतून सुटकेचं. योहानाच्या शुभवर्तमानात येशूला वधस्तंभी देतात तो वल्हांडणाच्या तयारीचा दिवस, ज्या दिवशी मंदिरात कोकरी कापली जात. त्याचं हाड मोडलं नाही हेही योहान त्या कोकऱ्याच्या नियमाशी जोडतो. मत्तय सांगतो, त्याने प्राण सोडला आणि मंदिरातला पडदा वरपासून खालपर्यंत फाटला, आणि तो पडदा आपल्याला योम किप्पूरकडे नेतो. यशयाचा दुःख सोसणारा सेवक आहेच. सुटका, शुद्धी आणि दुसऱ्यासाठी सोसणं, या तीन वेगळ्या गोष्टी पहिल्या ख्रिस्ती लोकांनी एका शुक्रवारी एकत्र पाहिल्या. ते सगळे ज्यू होते. त्यांनी बाहेरून काही आणलं नाही, आपल्या आज्याकडून ऐकलेल्या गोष्टींनीच त्यांनी त्या मरणाचा अर्थ लावला.

त्या शुक्रवारी महायाजक होता योसेफ कयफा. साधारण इ. स. १८ ते ३६ तो त्या पदावर होता. १९९० मध्ये यरुशलेमच्या दक्षिणेला एका थडग्यात अस्थी ठेवण्याची कोरीव दगडी पेटी सापडली. तिच्यावर कयफाचं घराणं सांगणारं नाव कोरलेलं आहे आणि ती त्याचीच असावी असं बहुतेक अभ्यासक मानतात. या माणसाने वर्षानुवर्षं ती रात्र जागून काढली असणार. त्यालाही शपथ घातली असेल, तोही तोंड फिरवून रडला असेल. सगळं राष्ट्र बुडण्यापेक्षा एका माणसाने मरावं हे सोयीचं, असं तो राजकारणी हिशेबाने म्हणाला आणि योहानाने त्यातच भविष्यवाणी ऐकली. दर शरदात तो दुसऱ्याचं रक्त घेऊन पडद्याआड गेला, आणि एका वसंतात त्याने ज्याला पिलात या रोमी अधिकाऱ्याकडे पाठवलं त्यालाच पुढे लोक खरा महायाजक म्हणू लागले. कयफाला नुसता खलनायक करून मोकळं होणं मला जमत नाही.

खलनायक करण्याची सवय आम्हाला फार महागात पडलीय, म्हणजे किंमत आम्ही नाही, ज्यू लोकांनी मोजलीय. जुना करार जुना झाला, यज्ञ फोल ठरला, म्हणून तो मानणारेही टाकाऊ, अशी ही वाट शतकानुशतकं चर्चच्या व्यासपीठांवरून उतरत गेली. येशूच्या मरणाचा दोष त्या वेळच्या सगळ्या ज्यूंवर किंवा आजच्या ज्यूंवर लादता येत नाही, हे कॅथलिक चर्चने अधिकृतपणे म्हणायला १९६५ साल उजाडलं. त्याआधी युरोपात काय होऊन गेलं ते सगळ्यांना माहीत आहे.

मंदिर गेल्यावर ज्यूंनी प्रायश्चित्ताचं काय केलं, हे आमच्याकडे क्वचितच सांगतात. रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, योहानान बेन जक्काई आणि त्यांचा शिष्य यहोशुआ एकदा यरुशलेममधून जात होते. मंदिराचे अवशेष बघून यहोशुआ म्हणाला, इस्राएलाच्या पापांचं प्रायश्चित्त जिथे होई ती जागाच उद्ध्वस्त झाली, आता आपलं काय? गुरू म्हणाले, बाळा, दुःख करू नकोस, तितकंच समर्थ असं दुसरं प्रायश्चित्त आपल्याकडे आहे, दयेची कृत्यं. आणि त्यांनी होशेय संदेष्ट्याचं वचन सांगितलं, मला यज्ञ नको, दया हवी. मत्तयच्या शुभवर्तमानात येशू दोनदा हेच वचन उच्चारतो, एकदा जकातदारांच्या पंगतीला बसल्यावर आणि एकदा भुकेल्या शिष्यांनी शब्बाथ दिवशी, म्हणजे विश्रांतीच्या दिवशी, कणसं मोडून खाल्ली तेव्हा. एकाच ओळीवर दोघांनी बोट ठेवलं, हे मला मोठं समाधान देतं.

आपल्याच कोकण किनाऱ्यावर याचा एक जिवंत दाखला होता. अलिबाग, पेण, रेवदंडा या भागात तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हणवले जाणारे बेने इस्राएल ज्यू मराठीत बोलत, मराठीत कीर्तनं करत. त्यांच्याकडे मंदिर नव्हतं, वेदी नव्हती, बराच काळ इब्री पोथ्याही नव्हत्या. तरी प्रायश्चित्ताचा दिवस होता. दारं लावून घेण्याचा सण म्हणत त्याला. पांढरे कपडे घालून, उपास करून, दिवसभर घरात दारं बंद करून राहायचं, आणि दुसऱ्या दिवशी दानधर्म आणि गाठीभेटी. १७९६ मध्ये सॅम्युअल दिवेकरांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनाघर, बांधलं. त्याचं नाव शार हारहमीम, म्हणजे दयेचं द्वार. ज्यांच्याकडे ना महायाजक ना बकरा, त्या लोकांनी शेकडो वर्षं तो दिवस सोडला नाही. या शेजाऱ्यांकडे बघितल्यावर 'फोल' हा शब्द माझ्या तोंडून निघत नाही. मी ख्रिस्ती आहे, ख्रिस्ताने पडद्याआडची वाट कायमची उघडली यावर माझा विश्वास आहे. पण ती वाट ज्यांच्या घरातून जाते त्यांचं घर पाडून मला आत जायचं नाही.

आता आमच्या पूर्वजांविषयी. इब्री लोकांस पत्राच्या शेवटच्या अध्यायात एक ओळ आहे. ज्या जनावरांचं रक्त महायाजक आत नेतो त्यांची शरीरं छावणीबाहेर जाळतात, म्हणून येशूनेही वेशीबाहेर दुःख सोसलं, तर चला, आपणही त्याची अप्रतिष्ठा वाहत छावणीबाहेर त्याच्याकडे जाऊ. अमेरिकन मराठी मिशनचं काम नगरला १८३१ मध्ये सुरू झालं. पुढच्या दशकांत आसपासच्या खेड्यांतून जे ख्रिस्ती झाले त्यांतले पुष्कळ जण गावकुसाबाहेर राहणारे होते. देवळाच्या गाभाऱ्यात त्यांना कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं, आणि गावच्या बळीच्या विधीत कष्टाची कामं मात्र त्यांच्याकडे असत. त्यांच्यापुढे जेव्हा कुणी वाचलं असेल की देवाचा पुत्र वेशीबाहेर मेला आणि गाभाऱ्याचा पडदा फाटला, तेव्हा त्यांना अँसेल्म लागला नसणार. आमच्या पणजोबांना अक्षरओळख उतारवयात झाली. पण 'धैर्याने कृपासनाजवळ जाऊ' हे वचन ते असं म्हणत की ऐकणाऱ्याने बाजूला सरून वाट द्यावी. चर्चमध्येही जात पुढे शिरली, प्रभुभोजनाच्या प्याल्यापर्यंत शिरली, हे लपवून चालणार नाही. ज्याने पडदा फाडला त्याच्या घरात आम्ही नवे पडदे शिवले.

आणि शेवटी शेजाऱ्याचा प्रश्न राहतोच. योमाच्या आठव्या अध्यायात स्पष्ट म्हटलंय: माणूस आणि देव यांच्यातल्या पापांचं प्रायश्चित्त योम किप्पूर करतो, पण माणूस आणि त्याचा शेजारी यांच्यातल्या पापांचं करत नाही, जोवर तो शेजाऱ्याची समजूत घालत नाही. डोंगरावरच्या प्रवचनात येशू तेच सांगतो. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जा, समेट कर, मग ये. गालीलहून यरुशलेमला चार-पाच दिवस चालत आलेला माणूस, समोर वेदी, आणि त्याला मागे फिरायला सांगायचं!

आमच्याकडे बांधावरून भावाभावांत पिढ्यान् पिढ्या बोलणं नसतं. रात्रीतून बांध हातभर सरकवलेला असतो आणि दोन्ही घरं गुड फ्रायडेला एकाच चर्चमध्ये वेगवेगळ्या दारांनी येतात, एकच भाकर मोडतात. येशूने सगळं फेडलं आहे असं दोघंही मनापासून म्हणतात. मीही म्हणते. पण तो हातभर तुकडा अजून सरकवलेल्या जागीच असतो. लेवीयच्या सहाव्या अध्यायात या माणसासाठी नेमकं सांगून ठेवलंय: फसवून, लुबाडून किंवा दांडगाईने घेतलं ते परत करायचं, पूर्ण, वर त्याचा पाचवा हिस्सा. ज्याचं असेल त्याच्याच हातात द्यायचं, दोषार्पणाच्याच दिवशी. मेंढा त्यानंतर.

यरुशलेमला मरायला जाताना येशू यरीहोत थांबला तो जक्कय या जकातदाराच्या घरी, आणि जक्कयाने पाचव्या हिश्श्यावर भागवलं नाही. निम्मं गोरगरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं त्याला चौपट. वधस्तंभ अजून पुढे होता, पडदा जागेवर होता, कयफा पदावर होता. येशू म्हणाला, आज या घराला तारण झालं.